माधवीची आई

तसे नाहीत हो माधवीचे डोळे, ताई — खिडकीतून उजेड समोर पडला होता ना तिच्या, म्हणून तुम्हाला तसे वाटले. संध्याकाळी बघा, आपल्यासारखेच तपकिरी. आणि असले थोडे घारे तर काय झालं, कोकणात निम्मं गाव घारं असतं, त्यांना कुणी विचारतं का? घ्या, हलवा घ्या — इथला आहे, ओमानी, बोटांना चिकटतो पण खाऊन बघा. माधवी भजी तळतेय, येईल. दार मीच लोटून घेतलंय, आपल्या दोघींना निवांत बोलता यावं म्हणून, आणि तो एक्झॉस्ट चालू असला की आत काही ऐकू जात नाही. आमचे हे तुमच्या मिस्टरांना आणि अश्विनला मत्राचा बाजार दाखवायला घेऊन गेलेत, ते काही लवकर यायचे नाहीत, आमचे भीमराव एकदा बोलायला लागले की झालं. म्हणजे तुम्हाला जे विचारायचं ते आत्ता विचारा. मुलाला पसंत, मुलीला पसंत, अश्विनची नोकरी सोहारला, ते काही लांब नाही, शुक्रवारच्या सुट्टीला दोघं जेवायला येतील — मग राहतो तो आपल्या दोघींचा प्रश्न, नाही का? विहीणबाई म्हणू का आत्तापासून? बरं, राहू दे. ताईच बरं.

हो, तेच फोटो. हार घातलेले दोन्ही. उजवीकडचे राजीवभावजी, माझे धाकटे दीर, आणि डावीकडची ती — मुलीची आई. माधवी आमची पुतणी, हे अश्विननं सांगितलं असेलच तुम्हाला. नुसती नावाला पुतणी, बाकी सगळं मी केलंय, लहानपणापासून. भावजी गेले आणि त्यांच्या मागोमाग, वर्ष व्हायच्या आत, ती पण गेली. पोरीनं फार सोसलं. — रशियन होती, हो. म्हणजे, रशियन म्हणजे — असं बघू नका माझ्याकडे, तुम्हाला वाटतंय तसली नव्हती. शिकलेली होती. फोटोत बघा ना, केससुद्धा काळे आहेत.

भावजी हुशार. चेंबूरच्या आमच्या वस्तीतून स्कॉलरशिपवर थेट लेनिनग्राडला गेलेला पहिला मुलगा — आता त्या लेनिनग्राडचंही नाव बदललं म्हणतात, तिकडे काहीच जागेवर राहत नाही. खाणीचं शिकायला गेले आणि आले ते हिला घेऊन. गालीना. सासूबाई म्हणाल्या, गाली म्हणजे शिवी, माझ्या घरात शिवी नको. म्हणून मी लीना ठेवलं. मीच. ती हसली, म्हणाली, "लीना पण चांगलं." तिला सगळंच चांगलं असायचं. मराठी शिकली, लुगड्याला पदर किती सोडायचा ते शिकली, बुद्धवंदना पाठ केली — आमच्या मुली पुस्तकात बघून म्हणायच्या आणि ही डोळे मिटून, न चुकता. सासूबाई सगळ्यांना दाखवायच्या, बघा आमची सून. लोकांना अशी माणसं आवडतात, ताई. मला नाही आवडत. जी इतक्या पटकन दुसऱ्याचं सगळं उचलते तिच्याकडे स्वतःचं काही नसणार, असं मला वाटतं. माझं चुकत असेल.

मग भावजींना इकडे नोकरी लागली, सोहारच्या बाजूला, खाणीवर. ते तिकडे कॅम्पात आणि ही आमच्याकडे मस्कतला, रुवीच्या फ्लॅटमध्ये, तान्ही पोर घेऊन. म्हणजे एका स्वयंपाकघरात दोघी. पोरीचं नाव भावजींनी माधवी ठेवलं, पण ही तिला माशा म्हणायची, तिकडे लाडाचं नाव आहे म्हणे. मी म्हटलं, अगं असं नको म्हणूस, लोकांना वाटेल घरात माश्या झाल्यात. सगळे हसले, ती पण हसली. पण सोडलं नाही. माझ्यासमोर माधवी, आणि खोलीचं दार लावलं की माशा, माशा, आणि काहीतरी गाणं. मी ऐकायचे ना दाराशी. ऐकायला लागायचं, घरात काय चाललंय ते कळायला नको?

एकदा मी तिला विचारलं, तू नक्की कुठली? साधा प्रश्न, आपल्याला विचारला तर आपण एका वाक्यात सांगतो. ही भेंडी चिरता चिरता सांगायला लागली ती संपेचना. आजोबा व्होल्गा नदीकाठचे शेतकरी. दारात दोन गायी आणि एक घोडा होता, म्हणून श्रीमंत ठरवलं सरकारनं, आणि उचलून टाकलं कझाकस्तानच्या माळावर, थंडीत. जमिनीत खड्डे करून राहिले म्हणे, दोन मुलं तिथंच मेली, पुरायला जमीन फुटेना. आजी युक्रेनची. आईचे वडील आणखी कुठल्या जमातीचे, मोर्दवा की काय, त्यांची बोलीच वेगळी. आणि हिचा जन्म त्याच माळावरच्या गावातला. मी म्हटलं, मग तू रशियन कशी? तर म्हणे, "वहिनी, आमच्याकडे सोळाव्या वर्षी देशातल्या देशात चालणारा पासपोर्ट मिळायचा, त्यात एक ओळ असायची, तुझे लोक कोण ते लिहायची. मी रशियन लिहिलं." का लिहिलं? तर घरात बोलायचे ते रशियन, आजी कॅलेंडरच्या मागं देवाची तसबीर लपवायची ती रशियन, आजोबा दारू प्यायले की ज्या नदीसाठी रडायचे ती रशियन. आणि ती नदी हिनं तोवर पाहिलीसुद्धा नव्हती, ताई. आमचे हे पेपर वाचत बसले होते, ते मध्येच म्हणाले, "सुलू, आपल्याही दाखल्यावर होती की अशी एक ओळ." मला इतका राग आला ह्यांचा. आपलं वेगळं आहे. आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला तेव्हा ती ओळ बदलली — हिनं पेन उचललं आणि आवडलं ते लिहिलं. सारखं आहे का हे? तुम्हीच सांगा. — नाही ना. मीही तेच म्हटलं.

आणि तिच्या भाषेत रशियनला शब्द दोन. एक रुस्की, म्हणजे रक्तानं, बोलीनं. दुसरा लांबलचक, रोस्सियानिन, तो त्या देशात राहणाऱ्या कुणालाही — तातार असो, कुणी असो. ही म्हणायची, मी पहिली आहे, दुसरी नाही, पण काही बिघडत नाही वहिनी, सगळ्यांच्या वर मोठा देश एकच आहे ना. वर मोठा देश. तो एक्क्याण्णवच्या डिसेंबरात गेलाच. टीव्हीवर दाखवला तो लाल झेंडा खाली येताना. मी सुरमईला मीठ-हळद लावत होते, ही दारात उभी, हात ओले तसेच. म्हणाली, "वहिनी, माझा देश नाही आता." मी म्हटलं, देश काय किल्ली आहे का हरवायला, असेल तिथंच, बघ नीट. चेष्टेत म्हटलं हो. तर ही दोन-तीन दिवस जेवली नाही. घरात एवढं सगळं असताना न जेवणारी माणसं मला सहन होत नाहीत. मी तिचं ताट वाढायचंच बंद केलं, म्हटलं भूक लागली की घेईल हातानं.

त्यानंतरच त्या दुसऱ्या यायला लागल्या. तिकडे पगार बंद, खायला नाही, तर दुबईला विमानं भरून यायच्या बायका — कुणी माल न्यायला, कुणी कशाला. त्याचा वास इथपर्यंत आला. रुवीच्या बाजारात हिला बघून पुरुष मागं लागायचे, नताशा, नताशा करत — तसल्या बायकांना तेच नाव पडलं होतं. ही माझा दंड धरायची. मी जरा पुढं चालायचे, — मुद्दाम नाही, पण लोक मलाही बघत होते ना. आमच्या मंडळातल्या एका बाईनं विचारलं, तुमची जाऊ अधूनमधून दुबईला जाते का? मी हो म्हटलं नाही. मी म्हटलं, मला काय माहीत बाई, मी काय तिच्या मागं असते. एवढंच बोलले मी. पुढचं लोकांनी लावून घेतलं, त्याला मी काय करू? मग बाबासाहेबांच्या जयंतीला हिच्या शेजारी कुणी बसेना, तेव्हा मीच म्हटलं, तू घरी थांब, आणि आधी ते केस काळे कर. मी लावून दिला डाय. माझ्या हातानं. ती मान हलवत होती म्हणून मानेला धरावं लागलं, कानामागं थोडं भाजलं तिला. म्हणाली, "ठीक आहे वहिनी." बघा, अशी. ओरडली असती तर मी थांबले असते. वरच्या मजल्यावर फरिदा राहायची, रत्नागिरीकडची, तिच्या मिस्टरांचा मच्छीचा धंदा — तीच काय ती हिची मैत्रीण. ती मला जिन्यात अडवून म्हणते, भाभी, तुम्ही का असं करता तिला? मी म्हटलं, तुमच्या घरात ठेवा मग. तेव्हापासून बोलणं बंद.

चौऱ्याण्णवला भावजी गेले. सोहारहून येत होते, बातिनाच्या रस्त्यावर, रुस्ताकच्या वळणाच्या जरा अलीकडे उंट आडवा आला. जागच्या जागी. आमचे हे महिनाभर आंघोळीला गेले की नळ सोडून रडायचे. ही नाही रडली. पोरीला घट्ट धरून बसायची, कुणी घ्यायला गेलं तर देत नव्हती. मलाही देत नव्हती. भाऊ ह्यांचा, घर माझं, आणि मूल तेवढं तिचं, असं.

तुम्हाला खरं सांगू? आम्हाला नव्हतं ना. मूल. डॉक्टर झाले, मुंबईला झाले, इथं झाले. ही आली आणि वर्षाच्या आत पाळणा. त्या पोरीचा ताप मी उतरवलाय ताई, तिचं पहिलं अक्षर मी गिरवून घेतलंय. हिला तर मराठी लिहितासुद्धा यायचं नाही. असो. — व्हिसा होता तिचा भावजींच्या नावावर, तो खलास. पोरीचा पासपोर्ट इंडियन, ह्यांच्या अर्बाबनं, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकानं, मदत केली आणि पोर आमच्या व्हिसावर आली. हिच्याकडे तोच जुना लाल पासपोर्ट, ज्या देशाचा तो देशच नाही. नवा रशियाचा हवा तर जन्म कझाकस्तानचा, तिकडचे कागद लागतील, स्वतः जाऊन आणावे लागतील. हे म्हणाले, त्यापेक्षा लीनाला आणि पोरीला चेंबूरला ठेवू, आईनं दोन ओळी लिहून दिल्या की इंडियाचा व्हिसा होईल. सासूबाई देणारही होत्या. मी फोन केला त्यांना, हे ऑफिसला गेल्यावर. म्हटलं, देऊ नका. ती तिकडे आली तर पोर तिचीच राहील, आणि उद्या दोघी उठून जातील कुठल्या बर्फात, तुमच्या मुलाचं नाव कुठं शोधणार? नाही दिलं त्यांनी. मग मी लीनाला समजावलं — पोरीची शाळा कशाला मोडतेस, तू एकटी जा, कागद घे, थंडीपर्यंत परत ये, मी आहे ना. मी आहे ना, म्हटलं. तिला पटलं. पटवून घेतलं तिनं. आणि मग ती गेली.

काय? कशानं गेली म्हणजे? विमानानं गेली, ताई.

तुम्ही असं का बघताय? मेली असं मी कुठं म्हटलं? गेली म्हटलं. पहिल्यापासून गेलीच म्हणतेय मी. पोरीनं विचारलं, काकी, आई कधी येणार — रोज विचारायची, शाळेतून आली की दप्तर न काढता विचारायची — तेव्हा एक दिवस मी म्हटलं, आई गेली, बाळा. ह्यात खोटं काय आहे? तिनं काय समजून घेतलं ते तिचं. रडली, दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडली. मी जवळ घेतलं तिला, आणि पहिल्यांदा, ताई, पहिल्यांदा ती माझ्या मांडीवर झोपली. भावजींचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं, भंतेजी आले होते, तेव्हा पोर आतून आईचा फोटो घेऊन आली, बाबांच्या फोटोशेजारी ठेवला आणि उरलेला हार स्वतःच्या हातानं घातला. मी नाही घातला. एवढ्याशा पोरीनं घातलेला हार काढायचा कसा? हे उठून बाहेर गेले. तेव्हापासून ते ह्या फोटोंकडे तोंड करून जेवायला बसत नाहीत, पण बोलले कधी नाहीत. बोलले नाहीत म्हणजे पटलंच ना त्यांना?

फोन यायचे, हो, सुरुवातीला यायचे. मी म्हणायचे झोपलीय, शाळेत गेलीय, आंघोळ करतेय. ती तिकडचं सांगत बसायची, कुठल्या तरी बूथवरून, खरखर असायची. आईच्या गावात म्हणाले, आता हा कझाक लोकांचा देश, तू रशियन, तुझ्या देशात जा. ही गेली रशियात — तिथं म्हणाले, तू कझाकस्तानची, आमच्या भाकरीत वाटेकरी व्हायला आलीस का. भाषा तीच, चेहरा तोच, तरी बाहेरची. मग गेली आजोबांचं गाव शोधायला त्या नदीवर, तर गावच नाही. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, हिच्या जन्माआधीच. म्हणाली, "वहिनी, नदी बघितली. खूप मोठी आहे. पण मला ओळखत नाही." असलं बोलायची. मी म्हटलं, फोनचं बिल वाढतंय तुझं. कुठल्या तरी होस्टेलात जिने पुसत होती, आणि कागदांसाठी रांगेत. मग आम्ही इकडे आलो, मदिनत सुलतान काबूसला, नंबर बदलला. सुटलो.

ह्या जूनपर्यंत सुटलो होतो. गोनू वादळ झालं ना, अर्धं मस्कत पाण्यात, त्याच्या बातम्या तिकडे दिसल्या तिला. आणि आमचा नवा नंबर दिला तिला कुणीतरी, कुणी ते मला माहीत आहे. दुपारी फोन. "वहिनी, माशा ठीक आहे का?" — बारा-तेरा वर्षं मराठी कानावर नाही, आणि बोलली मराठीत, माझ्याच घरात शिकलेलं. म्हणाली, मला पासपोर्ट मिळाला केव्हाचाच, रशियाचा, मी किती पत्रं टाकली, आता तिकिटासाठी सगळं जमवलंय, व्हिजिटवर येऊ का? मी म्हटलं, माधवीचं लग्न झालं. अमेरिकेत असते. तिला सगळं माहीत आहे, आणि तिला तू नको आहेस. — काय करणार होते मी दुसरं? तुमच्या अश्विनचं तेव्हाच कानावर आलं होतं.  मला वाटलं भांडेल. तर विचारते काय, "वहिनी, ती कागदावर काय लिहिते? कोण म्हणून?" मी म्हटलं, इंडियन, दुसरं काय लिहिणार. तर म्हणाली, "चांगलं आहे. एका शब्दात होतं." आणि ठेवला फोन. तेव्हापासून नाही आला. येणारही नाही.

हे तुम्हाला सांगितलं ते आपल्यातल्या म्हणून. आणि तुमच्या दृष्टीनं बघा ना — मुलीकडून आम्ही दोघं, बस. मंडपात उद्या गोरी बाई उभी राहिली तर तुमच्या पुण्याच्या नातेवाइकांना काय सांगाल? आईबाप नसलेली पोर म्हणून लोक उलट हळहळतील, तुमच्या घराचं नाव होईल. माधवी सुखात आहे. तिला रशियनचा एक शब्द येत नाही, ते गाणंसुद्धा विसरली, मी एकदा बघितलं विचारून. परवा कुणीतरी ऑफिसात म्हणालं, तू फॉरेनरसारखी दिसतेस, तर घरी येऊन मलाच म्हणाली, काकी, मेंदी लाव ना केसांना. स्वतःहून. तुम्ही एवढंच करा, ताई, हे जे बोलणं झालं ते ह्या खोलीत —

का उठलात? बाथरूम ह्या बाजूला आहे. तिकडे किचन आहे, ताई. ताई, ते दार नका उघडू, तेलाचा धूर येईल बाहेर. — तिला कशाला हाक मारताय? मी बोलावते ना तिला, बसा तुम्ही, सोफ्यावर बसा. लग्न नसेल करायचं तर नका करू, तसं सांगा, पण तिला —

काही नाही गं, माधवी. ताईंना पाणी हवं होतं. काय विचारतायत त्या? तुझी आई? नाही गं, त्यांचा गैरसमज झालाय काहीतरी, आम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होतो. नाही, कुठलाही नंबर माझ्याकडे नाही. मी खोटं कशाला बोलेन? नाही माझ्याकडे, तो फरिदाकडे —

भजी करपतायत. आत जा. आत जा म्हटलं ना.